धागा: १९७२ ची डॅटसन २४०झेड – पॉईंट ठेवू की इलेक्ट्रॉनिक इग्निशन करू?

झेडचा_नाद (फ्रीमाँट, कॅलिफोर्निया)

नमस्कार मंडळी. इथे जुन्या गाड्यांत हात काळे केलेले बरेच जण आहेत, म्हणून विचारते.

गाडी १९७२ ची डॅटसन २४०झेड. एल२४ इंजिन, सहा सिलिंडर, २३९३ सीसी, एसयू पद्धतीचे दोन हिताची कार्ब्युरेटर, चार गिअर. कार्ब उघडून साफ झालेत, टॅपेट बघितलेत, कॉम्प्रेशन सहाही सिलिंडरना जवळपास सारखं आहे. इग्निशन (ठिणगी पाडणारी यंत्रणा) मात्र कारखान्यातून आली तशीच: पॉईंट (कॉईलचा प्रवाह जोडणारा-तोडणारा यांत्रिक स्विच), कंडेन्सर, बॅलास्ट रेझिस्टर (कॉईलचा प्रवाह मर्यादित ठेवणारा रोधक), तेलाची कॉईल.

थंड असताना गाडी लोण्यासारखी चालते. गरम झाली की ४५०० आरपीएमच्या वर मिस मारायला लागते. सिग्नलला आयडल वरखाली होतं. नवे पॉईंट टाकले की थोडे दिवस बरं, की पुन्हा ये रे माझ्या मागल्या.

इथल्या झेडवाल्या मित्रांचं एकच पालुपद: मल्टिस्पार्क सीडीआय बॉक्स (कपॅसिटरच्या जोरावर एकापाठोपाठ ठिणग्या पाडणारा डबा) घे, त्याच्या जोडीची कॉईल घे, विषय संपला. पैसे खर्च करायला हरकत नाही, पण नेमकं कशासाठी करतेय ते कळायला हवं. तुम्ही काय कराल?

नुसताच_वाचक

आधी फोटो टाका, मग प्रश्न विचारा. हा या विभागाचा अलिखित नियम आहे. :)

२४०झेड म्हटलं की मला शेखर मेहता आठवतो. १९७३ ची ईस्ट आफ्रिकन सफारी रॅली त्याने याच गाडीतून जिंकली. युगांडात वाढलेला आपल्या वंशाचा माणूस, पुढे ही रॅली एकूण पाच वेळा जिंकला. आणि त्या चिखलातून, धुळीतून ती गाडी गेली ती पॉईंटवरच असणार ना? मग तुमच्या फ्रीमाँटच्या गुळगुळीत रस्त्यावर काय बिघडलं?

बोनेटखाली (पुणे)

@नुसताच_वाचक, रॅलीच्या गाडीचा डेल्को (म्हणजे डिस्ट्रिब्युटर, प्रत्येक सिलिंडरला ठिणगी वाटणारा भाग) दर रॅलीला उघडला जातो. ताईंच्या गाडीचा पन्नास वर्षांत किती वेळा उघडला असेल, ते तुम्हीच सांगा.

ताई, बॉक्स विकत घ्यायच्या आधी तीन गोष्टी बघा. एक पैसा लागणार नाही.

१. कॅप काढा, रोटर काढा, शाफ्टचं वरचं टोक दोन बोटांत धरून आडवं हलवा. जाणवण्याइतकं हललं तर आतलं बुश गेलंय.

२. टायमिंग लाईट (ठिणगी पडते त्या क्षणी चमकणारा दिवा) लावा. व्हॅक्युमची नळी काढून तिचं तोंड बंद करा आणि आयडलला पुलीवरची खूण बघा. खूण एका जागी उभी राहते की नाचते? मग हळूहळू ३००० पर्यंत न्या. खूण सरकत जाऊन एका ठिकाणी थांबायला हवी आणि आरपीएम उतरल्यावर आयडलच्या जागी परत यायला हवी.

३. व्हॅक्युम डबीची (डेल्कोला लावलेली, इंजिनाच्या ओढीने टायमिंग पुढे नेणारी) नळी तोंडाने ओढा आणि टोकाला जीभ लावून धरा. ओढ टिकली तर पडदा शाबूत. लगेच सुटली तर पडदा फाटलाय.

पॉईंट टाकल्यावर थोडे दिवस बरं वाटतं म्हणता, तिथेच मला शंका येते. पॉईंटची टाच कॅमवर घासून झिजते, गॅप कमी होतो, पॉईंट उशिरा उघडतात आणि टायमिंग मागे पडतं. हे सगळ्यांचंच होतं, पण सावकाश. तुमचं इतक्या लवकर होत असेल तर कॅमवर ग्रीस नाही किंवा शाफ्ट डुलतोय.

झेडचा_नाद

काका, शनिवारी सगळं बघितलं.

शाफ्ट हलतो. थोडाथोडका नाही, कॅपच्या आत बोटाला स्पष्ट कळतं. खूण आयडलला नाचते, चारपाच अंशांत इकडे तिकडे. ३००० ला नेल्यावर पुढे सरकते, पण उतरताना लगेच परत येत नाही, अडकल्यासारखी रेंगाळते. सिग्नलला आयडल वर राहण्याचं कारण हेच असेल का? व्हॅक्युमची नळी ओढली तर ओढ धरतच नाही. म्हणजे पडदाही गेला.

@नुसताच_वाचक, फोटो टाकलाय. रंग केशरी, गंज कुठे आहे ते विचारू नका.

बोनेटखाली

हो, तेच कारण. आरपीएम वाढला की ठिणगी लवकर पाडणारी (अ‍ॅडव्हान्स देणारी) डेल्कोतली वजनं खिळीवर सुकलेल्या ग्रीसमध्ये अडकलीत किंवा स्प्रिंग सैल झालीय. अ‍ॅडव्हान्स परत खाली येत नाही म्हणून आयडल चढून राहतं.

आता सांगा, यावर सीडीआय बॉक्स लावला तर काय होईल? शाफ्ट डुलत राहणार, वजनं अडकत राहणार, पडदा फाटलेलाच. फक्त चुकीच्या वेळेला पडणारी ठिणगी आता जाडजूड पडेल.

मॅन्युअल_वाचा (बंगळूर)

काकांशी सहमत, पण पॉईंटची मर्यादाही खरी आहे. थोडं गणित मांडतो.

सहा सिलिंडरचं चार स्ट्रोक इंजिन, म्हणजे क्रँकच्या एका फेऱ्यात तीन ठिणग्या. ६००० आरपीएमला सेकंदाला १०० फेरे, म्हणजे ३०० ठिणग्या. एका ठिणगीच्या वाट्याला सुमारे ३.३ मिलिसेकंद. त्यात पॉईंट बंद किती वेळ? कॅमच्या ६० अंशांपैकी मॅन्युअलप्रमाणे ३५ ते ४१ अंश. मध्य ३८ धरला तर कॉईल भरायला जेमतेम २.१ मिलिसेकंद मिळतात. जुनी कॉईल आणि बॅलास्ट मिळून तीन ओहमच्या वर, म्हणजे प्रवाह फार तर चार अँपिअरपर्यंत जाऊ शकतो आणि वरच्या आरपीएमला तेवढाही पोचत नाही. शिवाय पॉईंटमधून याहून जास्त प्रवाह न्यावा तर ते जळतात. ही पॉईंटची खरी अडचण आहे: कॉईल सुधारायला जावं तर पॉईंट सोसत नाहीत.

ट्रान्झिस्टर मॉड्यूलला (पॉईंटऐवजी प्रवाह जोडणारा-तोडणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) ते बंधन नाही. कमी ओहमची कॉईल लावता येते, ती लवकर भरते, घासणारा भाग नाही. पण ४५०० च्या वरची मिस फक्त या गणितामुळे येत नाही. धड पॉईंट असलेलं हे इंजिन कारखान्याच्या आकड्यांप्रमाणे १५१ अश्वशक्ती ५६०० आरपीएमला द्यायचं. शाफ्ट डुलला की सहा सिलिंडरचा ड्वेल (पॉईंट बंद राहण्याचा काळ) सहा प्रकारचा होतो, आणि ज्याच्या वाट्याला सगळ्यात कमी येतो तो आधी मिस मारतो.

आयझारकाठ (म्युनिक)

सीडीआयबद्दल दोन शब्द, कारण माझ्याकडे सत्तरच्या दशकातली पोर्श ९११ आहे आणि तिच्यात बॉशचा सीडीआय डबा मुळातच आहे. चावी फिरवली की मागून बारीक शिट्टीसारखा आवाज येतो. आवाज येतोय म्हणजे डबा जिवंत.

सीडीआयमध्ये कॉईल ऊर्जा साठवत नाही. डब्यातला कपॅसिटर काहीशे व्होल्टला भरतो आणि कॉईलमधून एका झटक्यात रिकामा होतो. ठिणगी फार वेगाने चढते, त्यामुळे मळक्या प्लगवरही पडते. तेल खाणाऱ्या, थंडीत प्लग ओले करणाऱ्या इंजिनला हे वरदान. पण ती टिकते फार कमी वेळ. साध्या कॉईलची ठिणगी एखाद-दोन मिलिसेकंद जळत राहते, सीडीआयची त्याच्या काही अंशच. म्हणून तर ते बॉक्स कमी आरपीएमला एकाऐवजी अनेक ठिणग्या मारतात. वर ३००० च्या आसपास गेलं की वेळच उरत नाही आणि तिथेही एकच ठिणगी पडते. म्हणजे ताईंची तक्रार जिथे आहे, तिथे मल्टिस्पार्क नसतोच.

सीडीआयची कॉईल वेगळी असते, साध्या कॉईलशी अदलाबदल करू नका. आणि चावी ऑन असताना तिच्या टर्मिनलला हात लावू नका. हा पॉईंटवाल्या गाडीचा चटका नव्हे, जिवावर बेतू शकतं.

पद्मिनीप्रेमी (ठाणे)

पॉप्युलर मत नाही, तरी सांगतो. ओरिजिनल ठेवा. डेल्कोला नवं बुश बसवून घ्या, वजनं धुऊन घ्या, नवा पडदा लावा, चांगले पॉईंट टाका. गाडी कुठे बंद पडली तर पॉलिश पेपरचा तुकडा आणि फीलर गेज एवढ्यावर घरी येता येतं. मॉड्यूल गेलं की टो ट्रक. माझी पद्मिनी आजवर रस्त्यात सोडून यावं लागलेलं नाही.

एक तपासणी मात्र सगळ्यांनी करावी. रात्री अंधारात बोनेट उघडून इंजिन चालू ठेवा आणि फवारणीच्या बाटलीने प्लग वायरींवर पाण्याचा अगदी बारीक तुषार मारा. हात लांब. वायर किंवा कॅप फुटली असेल तर निळ्या रेषा सरपटताना दिसतात. आमच्याकडे जूनमध्ये पाऊस हे काम फुकट करतो. कॅपच्या आत तडा असेल तर दोन पितळी टोकांमध्ये पेन्सिलने ओढल्यासारखी काळी रेघ दिसते. ती घासून काढायच्या भानगडीत पडू नका, कॅप बदला.

मिशिगनचा_पाहुणा

ताई, मी इथे २८०झेड चालवतो, आधी २४० होती. पद्मिनीप्रेमींचं म्हणणं पटतं, पण तुमच्याकडे एक तिसरा मार्ग आहे, जो भारतात बसून दिसत नाही. निस्सानने हे काम स्वतःच करून ठेवलंय.

१९७४ च्या २६०झेडपासून अमेरिकेतल्या गाड्यांना पॉईंटशिवायची इग्निशन आली. १९७९ च्या २८०झेडएक्सपासून तर मॉड्यूल डिस्ट्रिब्युटरच्या अंगालाच चिकटवलेलं आहे, काडेपेटीएवढं. त्याच्यावर ई१२-८० असं लिहिलेलं असतं. एल मालिकेचं इंजिन तेच, त्यामुळे हा डिस्ट्रिब्युटर २४० मध्ये थेट बसतो. झेडवाल्यांमध्ये ही फार जुनी आणि पक्की रीत आहे.

काही गोष्टी सांभाळा:

डिस्ट्रिब्युटरबरोबर त्याची खालची बैठकही झेडएक्सचीच घ्या. जुन्या बैठकीवर तो नीट बसत नाही.

खालची चकती मध्यापासून सरकलेली असते, त्यामुळे डिस्ट्रिब्युटर उलटा बसूच शकत नाही. पण ऑईल पंप उघडला तर आतला दांडा फिरतो आणि सगळं एका दाताने चुकतं. पंपाला हात लावू नका.

दोनच वायरी आहेत. मॉड्यूलवर बी आणि सी अशी अक्षरं असतात. बी कॉईलच्या प्लसला, सी मायनसला. जुना कंडेन्सर काढून टाका.

आतली अ‍ॅडव्हान्सची पट्टी बघा. तिच्यावर आकडा कोरलेला असतो, तो डिस्ट्रिब्युटरच्या अंशात असतो. क्रँकचे अंश हवेत तर दुप्पट करा. वेगवेगळ्या वर्षांचे आकडे वेगळे. पट्टीवर ८.५ असेल तर १७ अंश अ‍ॅडव्हान्स, म्हणजे आयडलला १७ ठेवलं की वर ३४ होतात. या इंजिनाला व्हॅक्युम सोडून ३४ ते ३६ एकूण पुरतात. पट्टी १२ ची असेल तर २४ होतील, मग आयडलला १० ते १२ च ठेवा. नाहीतर वर टकटक सुरू होईल आणि पिस्टनची वाट लागेल.

मॅन्युअल_वाचा

+१. आणि ते अंश मोजायच्या आधी पुलीची खूण खरी आहे का ते बघा. या इंजिनाच्या पुढच्या डॅम्परमध्ये आतली चकती आणि बाहेरचं कडं यांच्यामध्ये रबर असतं. पन्नास वर्षांत ते सुटतं, कडं सरकतं आणि त्याच्यावरची खूण खोटी पडते. प्लगच्या भोकात पिस्टन अडवणारा बोल्ट बसवा, बॅटरीची वायर काढा, इंजिन हाताने हळू फिरवा. एका बाजूने अडेल तिथे खूण करा, उलट फिरवून अडेल तिथे दुसरी. दोन्हींच्या बरोबर मध्ये टीडीसी, म्हणजे पिस्टन सगळ्यात वर असण्याची जागा.

नुसताच_वाचक

धाग्याला चहा घेऊन बसलो होतो, दोनदा गरम करावा लागला. वाचनखूण साठवली आहे. माझ्याकडे स्कूटर आहे.

झेडचा_नाद

अपडेट.

भंगारातल्या १९८० च्या झेडएक्समधून डिस्ट्रिब्युटर, बैठक आणि कॉईल मिळाली. शाफ्ट घट्ट, वजनं मोकळी, पडदा ओढ धरतोय. पट्टीवर ८.५. वजनं धुऊन एक थेंब तेल सोडलं. कॅप, रोटर, वायरी नवीन. वायरी आवाज दाबणाऱ्या कार्बनच्याच घेतल्या, तांब्याच्या नाहीत, कारण मॉड्यूलला त्यांचा उपद्रव होतो असं इथल्या दुकानदारानेही सांगितलं. प्लग बीपी६ईएस, गॅप ०.८५ चा १.० मिमी केला.

@मॅन्युअल_वाचा, टीडीसी तपासला. खूण दोनएक अंश सरकलेली निघाली, म्हणून पुलीवर पांढऱ्या रंगाने नवी ओढली.

पहिल्या सेल्फला सुरू. १७ अंशांवर लावली, ३००० ला ३४. टायमिंग लाईटखाली खूण रंगवून ठेवल्यासारखी उभी आहे! आयडल ७५० वर बसलं.

पण आता नवीनच. बॅलास्ट बायपास केला आणि टॅकोमीटर वेडा झाला. २००० पर्यंत बरोबर, पुढे काटा उड्या मारतो, कधी शून्यावर पडतो. इंजिन मात्र अगदी सुरळीत.

मिशिगनचा_पाहुणा

अभिनंदन! आणि हे होणारच होतं, लिहायचं राहिलं.

२४० चा टॅकोमीटर व्होल्टेज मोजत नाही. कॉईलकडे जाणारी वायर टॅकच्या पाठीमागे एका वेढ्यातून जाते आणि तिच्यातल्या प्रवाहाचे ठोके तो मोजतो. तुम्ही बॅलास्ट काढून कमी ओहमची कॉईल लावलीत, ठोक्यांचा आकारच बदलला. पुढच्या वर्षांच्या झेडचे टॅक कॉईलच्या मायनसवरून व्होल्टेजचे ठोके घेतात, म्हणून त्यांना हा त्रास नाही. काहीजण त्यांचं आतलं यंत्र २४० च्या डायलमागे बसवतात. बाजारात अ‍ॅडॅप्टरही मिळतो.

पण आधी सगळ्यात सोपं करा, बॅलास्ट परत लावा.

मॅन्युअल_वाचा

बरोबर. झेडएक्सची कॉईल एका ओहमच्या आसपास, बॅलास्ट दीड ओहमच्या आसपास, एकूण अडीच. म्हणजे पाच अँपिअरच्या जवळ. पॉईंटच्या वेळच्या तीन ओहमपेक्षा तरीही सुधारणाच. रस्त्यावरच्या गाडीला फरक कळायचा नाही. आणि मूळ वायरिंग तसंच राहतं, सेल्फ मारताना बॅलास्ट वगळून थेट करंट मिळतो तो फायदाही राहतो. पुढे कधी कुणी बॅलास्ट बायपास केलाच, तर चावी ऑन आणि स्टार्ट दोन्ही जागी कॉईलला करंट येतोय ना ते बघा. नाहीतर गाडी सेल्फवर पेटते आणि चावी सोडली की बंद, आणि माणूस गाडीतला पेट्रोल पंप उघडायला बसतो.

झेडचा_नाद

बॅलास्ट लावला. काटा शहाणा झाला. काल निमिट्झ फ्रीवेच्या चढावरच्या रॅम्पला तिसऱ्यात ६००० पर्यंत नेली, एकदाही अडखळली नाही. ताकद वाढली असं मी म्हणणार नाही, होती ती परत मिळाली. सुधारणा सगळ्यात जास्त जाणवते ती २००० च्या आसपास, हळू रहदारीत. तिथे पूर्वी झटके असायचे.

सीडीआय बॉक्स घेतला नाही. ते पैसे गंजाला लागणार आहेत.

पद्मिनीप्रेमी

मानलं. तरी मॉड्यूल भर रस्त्यात गेलं तर?

मिशिगनचा_पाहुणा

त्यावरही उपाय आहे. जनरल मोटर्सचं चार पिनांचं एचईआय मॉड्यूल ई१२-८० च्या जागी चालतं आणि अमेरिकेत कुठल्याही पार्टच्या दुकानात मिळतं. अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीवर थर्मल पेस्ट लावून पक्कं बसवायचं, उष्णता गेली नाही तर ते फार टिकत नाही. दोन पिना पिकअपला (डिस्ट्रिब्युटरमधल्या सेन्सरला), दोन कॉईलला. पिकअपच्या वायरी उलटसुलट झाल्या तर गाडी सुरू होते पण टायमिंग भरकटतं, लाईट लावूनच बघा. मी एक तयार करून डिकीत ठेवलंय.

पद्मिनीप्रेमी

माझ्या पद्मिनीला असं काही? जुन्या डेल्कोच्या आत बसणारे चुंबक आणि सेन्सरचे किट दिसतात. आणि हो, गाडी पन्नाशीला आली की व्हिंटेज नोंदणी करायची आहे. २०२१ च्या नियमांत मूळ रूप शाबूत हवं असं आहे, त्यात हे अडेल का?

बोनेटखाली

किट चालतं. पॉईंटच्या मानाने शाफ्टचा डुलकेपणाही थोडा जास्त सोसतं. पण बुश गेलं असेल तर आधी बुश, मग किट. आणि इंजिन बंद असताना चावी ऑन ठेवून रेडिओ ऐकत बसायचं नाही, साध्या किटमध्ये कॉईलमधून प्रवाह वाहत राहतो आणि दोन्ही जळतात.

नोंदणीचं म्हणाल तर नियमाचा रोख चॅसिस, बॉडी आणि इंजिनात मोठे फेरफार करण्यावर आहे. डेल्कोच्या आतलं किट बाहेरून दिसतही नाही. तरी पॉईंटची प्लेट, कंडेन्सर आणि स्क्रू एका डबीत घालून ठेवा. तपासणीला जायच्या आदल्या संध्याकाळी अर्ध्या तासात परत बसतात. फक्त ते छोटे स्क्रू काढताना खाली फडकं पसरा, एक जरी प्लेटखाली घरंगळला तर अख्खा डेल्को उतरवावा लागतो.